पहाटेची पहिली दहा पावलं

पलंगावरून पाय खाली टेकला की पहिली दहा पावलं लंगडतच पडतात. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायचं. चहाला उकळी येईतो पाय मोकळा होतो आणि वाटतं, काही झालेलंच नाही. गेलं वर्षभर माझी सकाळ अशी उजाडते, आणि पन्नाशीतल्या कितीतरी हौशी धावपटूंची अशीच उजाडत असणार.

दुखतं ते टाचेच्या वर, चिमटीत धरता येईल अशा जाड दोरीत. आपण तिला शीर म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ही कंडरा, म्हणजे ॲकिलिस टेंडन. धावताना पावलागणिक तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येऊ शकतो.

घरच्यांचा सल्ला ठरलेला: पुरे आता धावणं. मी सहा आठवडे बसून काढले. दुखणं थांबलं, पुन्हा धावलो आणि चौथ्या दिवशी ते परत हजर. नुसत्या विश्रांतीने वेदना निवते, पण ताण सोसायची कंडरेची ताकदही उतरते.

स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हा त्रास होता. शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार होईनात, तेव्हा कंडरा तुटेपर्यंत तिच्यावर भार टाकायचा, असं त्यांनी ठरवलं. तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल! ती तुटली नाही, उलट बरी झाली. 1998 साली त्यांनी 15 हौशी धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांच्या व्यायामानंतर सगळे पुन्हा धावू लागले होते. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांनाच इतकं यश आलं नाही, तरी दिशा पक्की झाली.

व्यायामाला लागते फक्त एक पायरी. कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांवर उंच व्हायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला 180 वेळा. (दुखणं अगदी हाडाला चिकटलेल्या जागी असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये.)

इतके आठवडे का लागतात? अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही. म्हणून तिला सावरायला वेळ द्यावा लागतो. बारावीत असताना विणल्या गेलेल्या धाग्यांवरच मी आज धावतोय!

मग या काळात धावणं बंदच ठेवायचं का? स्वीडनमध्येच कारिन सिल्बरनागेल यांनी 2007 साली याचं उत्तर दिलं. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना पाचपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल, तर व्यायामासोबत धावणं चालू ठेवणाऱ्यांचंही काही बिघडलं नाही. मला सर्वांत मोठा दिलासा या निष्कर्षाने दिला.

मात्र बाकीची तब्येतही हिशेबात धरायला हवी. मधुमेहात साखर कंडरेच्या धाग्यांना चिकटते आणि ते ताठर होतात. तापात तर धावूच नये. ताप उतरल्यावरही आधी चालणं सुरू करावं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं कंडरेला इजा करू शकतात, अगदी ती तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली त्यांच्यावर चौकटीतला इशारा छापायला लावला. गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, पण आपण धावतो आणि टाच दुखते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. साठीपुढच्यांनी आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज सकाळी त्या पहिल्या पावलांच्या वेदनेचा आकडा लिहितो. सोमवारी सहा होता, तेव्हा फक्त पायरी केली. आज तीन आहे. तीन किलोमीटर धावून आलो, मधे मधे चालत.