मठातील आचारी आणि त्याचे लहानसे पुस्तक

“फादर, आम्हांला प्रार्थनेला वेळ कुठला?” धर्मग्रामात घरोघर फिरताना हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकू येतो. पहाटे गोठा, मग चूल, मग शेत, तिन्हीसांजेला पुन्हा चूल. आणि रात्री जपमाळ हाती घ्यावी तर तिसऱ्या रहस्यालाच डोळे मिटू लागतात! असे सांगणाऱ्या मातेच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा खंत अधिक असते. देवाची संगत मठातील धर्मभगिनींना लाभावी, आपल्या वाट्याला भांडी आणि शेणगोठा आला, तेव्हा पावित्र्य आपल्यासाठी नव्हे, असे तिने मनाशी ठरवून टाकलेले असते. हा समज एका आचाऱ्याने साडेतीनशे वर्षांपूर्वीच खोटा ठरविला आहे.

त्यांचे नाव निकोलस हर्मन. सतराव्या शतकाच्या आरंभी लॉरेन प्रांतातील एका खेड्यात गरीब घरी ते जन्मले. अठरा वर्षांचे असताना हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्यांच्या दृष्टीस पडले. थोड्याच दिवसांत यास पालवी फुटेल, फुले येतील, फळे धरतील, हा विचार मनात येताच परमेश्वराच्या सामर्थ्याची अशी खूण अंतःकरणावर उमटली की ती जन्मभर पुसली नाही. पुढे ते सैनिक झाले, युद्धात जखमी होऊन पायाने अधू झाले. काही काळ एका सरदाराच्या घरी नोकरीस राहिले, तर तेथे हातून वस्तू फुटत. अखेर १६४० साली पॅरिस येथील कार्मेल संघाच्या मठात ते दाखल झाले आणि ब्रदर लॉरेन्स हे नाव त्यांनी घेतले. ते धर्मगुरू नव्हते. त्यांना स्वयंपाकघर सोपविण्यात आले. आणि त्या कामाची त्यांना मुळातच नावड होती!

तरीही सुमारे पंधरा वर्षे त्यांनी चूल सांभाळली. पाय फारच दुखू लागल्यावर बसून करता येईल असे चपला शिवण्याचे काम त्यांना मिळाले. या सामान्य कामांतच त्यांनी आपली साधना शोधली. देव येथेच आहे, या तव्याजवळ आहे, हे ध्यानात ठेवून त्याच्याशी साध्या शब्दांत बोलत राहावे आणि प्रत्येक काम त्याच्या प्रेमाखातर करावे, एवढाच त्यांचा मार्ग. तव्यावरील पोळा उलटणे किंवा जमिनीवरची काडी उचलणे हेही देवाच्या प्रेमाखातर करता येते, असे ते मानीत.

१६६६ साली जोसेफ द बोफोर नावाच्या धर्मगुरूंनी त्यांची भेट घेऊन संभाषणे टिपून ठेवण्यास आरंभ केला. १६९१ च्या फेब्रुवारीत ब्रदर लॉरेन्स निवर्तले. त्यानंतर त्यांची बोधवचने, पत्रे व ही संभाषणे बोफोर यांनी प्रसिद्ध केली. त्या लिखाणाचेच हे छोटे पुस्तक झाले. ‘ईश्वरसान्निध्याचा अभ्यास’ असा त्याच्या नावाचा अर्थ. २०२५ च्या डिसेंबरात लेबनॉनहून रोमला परतताना पोप चौदावे लिओ यांनी आपली आध्यात्मिक वृत्ती समजून घ्यायची असेल तर हे पुस्तक वाचा, अशा अर्थाचे उद्गार काढले. आचाऱ्याचे बोल पोपमहोदयांनाही पुरले, हे आमच्या मातांनी ध्यानी घ्यावे.

असे पुस्तक हाती आल्यास त्याचा उपयोग कसा करावा? ते एका बैठकीत संपवू नये. दिवसाला एक पान पुरे. घरातील शाळकरी मुलाने रात्री जपमाळेनंतर ते मोठ्याने वाचावे, म्हणजे निरक्षर आजीलाही त्याचा लाभ होईल. वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपल्याच बोलीत एक लहानसा उद्गार निवडावा. “प्रभो, तू येथे आहेस” एवढे म्हटले तरी भागते. मग तो उद्गार कामाला बांधून टाकावा: चूल पेटविताना एकदा, शेताच्या बांधावर पाऊल ठेवताना एकदा, बाजाराची पिशवी उचलताना एकदा. नव्याने वेळ काढावा लागत नाही; आहे त्या वेळेतच देवाला जागा करून द्यावयाची असते.

विसर पडणारच. विसरलो म्हणून स्वतःवर चिडत बसू नये. आठवण होताच निमूटपणे देवाकडे वळावे. ब्रदर लॉरेन्स यांनाही ही शांती सहजासहजी मिळाली नाही. चार वर्षे तर आपला सर्वनाश होणार या भीतीने त्यांना ग्रासले होते. तरी त्यांनी देवाची संगत सोडली नाही.

एक इशारा मात्र आम्ही देऊ इच्छितो. देव जवळ आहे असे म्हणत माप कमी भरता येत नाही, आणि सुनेला टोचून बोलताही येत नाही. पुस्तक खरोखर मनात उतरले की नाही, हे घरातील माणसांनाच प्रथम कळते. तसेच मिस्सा, कुमसार आणि कुटुंबप्रार्थना यांची जागा कोणतेही पुस्तक घेऊ शकत नाही. रविवारी वेदीवर जे लाभते ते आठवडाभर टिकविण्यासाठी त्याचा उपयोग.

हा मार्ग परक्या मुलुखाचा आहे असेही कोणी समजू नये. याच कार्मेल संघाच्या गोव्यातील मठात धन्य रिडेम्प्टस नावाचे ब्रदर होते. तेही पूर्वी सैनिक होते, आणि मठाचे दार उघडण्याची सेवा त्यांनी केली. १६३८ साली सुमात्रा बेटावर त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिला. एकाचे दार, दुसऱ्याची चूल. देवाला दोन्ही ठिकाणे पुरली.

तेव्हा माताभगिनींनो, उद्या पहाटे चुलीशी बसाल तेव्हा आपण देवापासून दूर बसलो आहोत असे मनात आणू नका. नाझरेथच्या घरातही चूल होती, आणि ती पवित्र मरिया पेटवीत असे.