कामतृप्ती आणि मनःस्वास्थ्य : उतारवयातील एक अबोल शंका

जोडीदार निवर्तल्यावर, किंवा आजारपणामुळे सहशय्या थांबल्यावर, ‘शरीरसुख उरले नाही म्हणून तर मन असे अस्वस्थ होत नसेल?’ ही शंका कदाचित आपल्यालाही चाटून गेली असेल. संकोचापायी आपण ती डॉक्टरांनाच काय, जिवलगालाही बोलून दाखवली नसेल. ती शंका पोरकट नव्हे. मनोविश्लेषणाच्या जनकालाही एके काळी तसेच वाटत होते.

१८९५ मध्ये व्हिएन्नातील सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंताविकारावर एक निबंध लिहिला. कामोत्तेजनेला वाट मिळाली नाही की तिचेच रूपांतर चिंतेत होते आणि छातीतील धडधड, घाम, श्वास कोंडणे ही लक्षणे उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा रुग्णांमध्ये त्यांनी विधवांचा, रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांचा आणि उतारवयातील पुरुषांचाही समावेश केला होता! त्यांचे शिष्य विल्हेम राइख तर त्याही पुढे गेले. पूर्ण कामतृप्तीची क्षमता हाच त्यांच्या लेखी मनःस्वास्थ्याचा निकष ठरला. मे १९२६ मध्ये गुरूच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांनी याच विषयावरील ग्रंथाचे हस्तलिखित भेट दिले.

पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात फ्रॉइड यांनी आपली तीस वर्षांची भूमिका बदलली होती. चिंता म्हणजे कोंडलेली वासना नव्हे, तर संकटाची पूर्वसूचना, असे त्यांनी मांडले. आणि त्या संकटांमध्ये प्रिय व्यक्ती दुरावणे, तिचे प्रेम गमावणे यांची गणना केली. सत्तरीच्या उंबरठ्यावर स्वतःचे मत असे मोडून काढणे मला त्यांच्या कित्येक सिद्धान्तांहून मोठे वाटते. राइख मात्र आपल्या मतावर ठाम राहिले.

तेव्हा सहजीवनाची साथ सुटल्यावर रात्री छाती धडधडत असेल, तर ती अतृप्तीमुळेच असे मानून स्वतःला अपराधी ठरवू नये. हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. पण वियोगाचे दुःखही डॉक्टरांना सांगावे. इच्छा अजून जागी असेल तर त्यातही लाजण्यासारखे काही नाही. मधुमेह, तसेच रक्तदाबावरील व नैराश्यावरील काही औषधे यांमुळे इच्छा किंवा क्षमता मंदावते. मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नये. हृदयविकारासाठी नायट्रेट गटातील औषध चालू असताना उत्तेजनाची गोळी परस्पर घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक वेगळी विनंती. आजवर संयमी असलेले वडीलधारे अचानक लज्जा सोडून बोलू-वागू लागले, तर ‘म्हातारचळ’ म्हणून हसू नका, रागेही भरू नका. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या विकाराचे ते लक्षण असू शकते. हा बदल केव्हापासून दिसू लागला आणि त्या सुमारास कोणते नवे औषध सुरू झाले होते, याची नोंद तपासणीस जाताना सोबत न्यावी. आणि हे सारे त्यांच्यासमोर चारचौघांत न सांगता डॉक्टरांना एकांतात सांगावे.