लिलीवर भुंगा? छे, अळी!

आमच्या हॉस्टेलच्या मागच्या गेटपाशी पांढऱ्या स्पायडर लिलीची रांग आहे. पावसाळा सुरू झाला आणि आठवड्यात पानांची पार चाळण झाली. नेटवर 'लिलीची कीड' शोधली तर जिथे तिथे एक लालभडक भुंगेरा! लगेच ऐटीत माळीमामांना म्हटलं, "मामा, भुंगेऱ्याचं औषध आणू." मामांनी नुसतं पान उलटं केलं. खाली काळ्या अळ्यांचा घोळका, अंगावर पांढरे ठिपके नि लालसर डाग. "ह्याला भुंगा म्हंत्यात व्हय, इंजिनेरसाहेब?"

मामांचंच बरोबर. तो भुंगेरा युरोप-अमेरिकेत खऱ्या लिलीवर पडतो. आपली स्पायडर लिली त्या कुळातलीच नव्हे. आपल्याकडची ही अळी पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाची. कळलावीवरही हीच.

मग औषधही वेगळं. बीटी कुर्स्टाकी ही जिवाणूंची पावडर पानासोबत पोटात गेली की तिच्यातलं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, आतड्याला भोकं पाडतं. अळी खाणं सोडते नि मरते. भुंगेऱ्यावर हिचा उपयोग नाही. अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी फवारायची, कारण उन्हात ती निकामी होते. पावसाने धुतली की पुन्हा.

पण औषधाआधी हात! अंडी पानाखाली पुंजक्याने असतात. तेवढं पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचं. मोठ्या अळ्या कोषासाठी मातीत उतरतात, म्हणून कंदाभोवतीची माती हलकेच उकरून बघायची.

हल्ली मेसला जाताना मी चार पानं उलटतोच. काल सहा सापडल्या.