वारेपर्यंत पोचलेला एचपीव्ही

एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा विषाणू, म्हटलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग आठवतो; हे नातं उलगडणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हाच विषाणू वारेतही सापडतो. वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या अस्तरात मुळांसारख्या शिरतात, आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून घेतात. प्रयोगशाळेत या पेशींत एचपीव्ही-१६ या प्रकाराची जनुकं घातल्यावर त्यांची शिरण्याची ताकद घटली, मरण्याचं प्रमाण वाढलं. आपोआप पडलेल्या गर्भांच्या ऊतींतही विषाणूचा डीएनए आढळला आहे. पण तो वारेतलाच, की बाहेर येताना योनिमार्गात चिकटलेला? खरी मेख इथंच आहे. शिवाय सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांमागे गुणसूत्रांचे दोष असतात. त्यामुळे गर्भपातानंतर एचपीव्हीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवून सुनेला बोल लावणं शुद्ध अडाणीपणा. एचपीव्ही असलेल्या बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात.