सातबाराच्या सेवेला राखीव सर्व्हरचा आधार

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्यात विजेचे खांब कोसळले, दूरध्वनीसेवा विस्कळीत झाली. अशा आपत्तीनंतर पेण किंवा रोह्याच्या शेतकऱ्यास सातबाराचा उतारा तातडीने हवा असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन उपलब्ध करून देण्यात आला. मात्र, नोंदी ज्या सर्व्हरवर असतात तोच बंद पडला, तर एकाच वेळी अनेक तालुक्यांचे काम खोळंबते. यावरील उपाय म्हणजे राखीव सर्व्हर.

मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक बदल एका नोंदपत्रिकेत क्रमाने उतरतो. ही पत्रिका राखीव सर्व्हरकडे सतत पाठविली जाते आणि तेथे तेच बदल त्याच क्रमाने केले जातात. समजा, रोह्यात मंडळ अधिकाऱ्याने एक फेरफार प्रमाणित केला. राखीव सर्व्हरची पोच येईपर्यंत थांबल्यास ती नोंद दोन्हीकडे सुरक्षित राहते, परंतु काम मंदावते. न थांबल्यास काम जलद होते. मात्र बिघाडाच्या क्षणी अखेरच्या काही नोंदी गहाळ होऊ शकतात. जमिनीच्या हक्काचा प्रश्न असताना थोडी दिरंगाई सोसणेच इष्ट होय.

अंतर वाढले की पोच येण्यास वेळ लागतो. जवळ ठेवावे, तर दोन्ही सर्व्हर एकाच संकटात सापडतात; ‘निसर्ग’चा तडाखा पुणे जिल्ह्यासही बसला होता. म्हणून एक राखीव सर्व्हर जवळ व दुसरा दूरच्या प्रदेशात ठेवण्याची पद्धत आहे. सूत्रे हलविताना जुना सर्व्हर निश्चितपणे बंद करावा लागतो. अन्यथा दोघेही स्वतःस मुख्य समजून परस्परविरोधी नोंदी घेऊ लागतात.

नुसती यंत्रे असून भागत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास थांबले. पर्यायी केंद्र असूनही काम तेथे हलविले गेले नाही. त्यानंतर ‘सेबी’ने अशा संस्थांना बंधन घातले: महत्त्वाची यंत्रणा खंडित झाल्यास ३० मिनिटांत आपत्ती घोषित करावी व त्यापुढील ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे. ही तत्परता नियमित तालमीनेच येते.

चुकून पुसलेली नोंद मात्र राखीव सर्व्हरवरूनही तितक्याच तत्परतेने पुसली जाते. तिच्यासाठी दररोजची स्वतंत्र प्रत जपावी लागते. आणि रोह्यातच वीज नसेल, तर कार्यालयात जनित्र व पर्यायी संपर्कवाहिनी हवी.