हेस्टिंग्जचा डाव आणि देशी दस्तूर

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत, पंजाबातील मातब्बर जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेल्या आणि विलायती नियम शिकून अवघी काहीच वर्षे लोटलेल्या मीर सुलतान खान यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना ६५ चालींत नमविले, ही घटना बुद्धिबळाच्या इतिहासात अक्षय राहील. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कापाब्लांकांनी वजिराच्या बाजूचे घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट मांडला होता. म्हणजे ‘क्वीन्स इंडियन’ नावाचा भारतीय बचाव त्या क्युबन धुरंधरानेच पत्करला होता! सुलतान खान यांनी त्यावर त्याच बाजूच्या कडेचे प्यादे एक घर पुढे घेऊन काळ्याच्या दुसऱ्या उंटाची वाट अडविली; हीच साधी चाल पुढे पेट्रोशियन यांच्या नावाने विख्यात झाली.

या बचावाला भारतीय म्हणण्याचे कारण आपल्या जुन्या दस्तुरात आहे. साताऱ्या-सांगलीच्या ओसऱ्यांवर पूर्वापार चालत आलेल्या देशी खेळात प्यादे आरंभीही एकच घर चाले, किल्लेकोट नसे आणि प्याद्याने दिलेली मात विशेष गौरवाची मानली जाई. त्यामुळे घाईने भिडण्याऐवजी आपला मुलूख सावकाश बांधण्याची वृत्ती खेळाडूच्या हाडीमांसी खिळे. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी कॉक्रेनसाहेबांविरुद्ध याच वळणाने खेळत. हेस्टिंग्जच्या डावात मला सर्वाधिक भावते ती हीच धीरवृत्ती: प्रतिपक्षाचे दोन्ही हत्ती आत घुसताच सुलतान खान यांनी त्यांच्या मोबदल्यात वजीर देऊन टाकला आणि पुढे चाळीसएक चाली, तसूभरही उतावीळ न होता, काळ्या वजिराला निष्प्रभ करीत नेले.

या धीराला नव्या नियमांची शिस्त देणारी संस्था कृष्णाकाठी उभी राहिली, हे आपले भाग्य. पटवर्धनांच्या सांगली संस्थानात १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. त्यांनी ते आयुष्यभर जोपासले, आणि उन्हाळी सुटीतल्या तिथल्या स्पर्धांनी गावोगावच्या मुलांना घड्याळ लावून, चाली टिपून खेळण्याची सवय लावली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच सांगलीच्या.