ढोलीतली आई, डबेवाले बाबा!

दार आतून लिंपून स्वतःलाच कोंडून घेणारी आई कधी पाहिलीत का, दोस्तांनो? आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आहे! ती आहे राजधनेश पक्ष्याची मादी.

राजधनेश केवढा मोठा, विचारा! हात आडवे पसरून उभे राहा बरं. त्याचे पसरलेले पंख त्याहून लांब, जवळजवळ 5 फूट! पिवळी बाकदार चोच आणि तिच्यावर भलामोठा पिवळा मुकुट. वाटतं, एवढ्या ओझ्यानं याची मान कशी दुखत नाही! पण गंमत ऐका. तो मुकुट आतून बराचसा पोकळ असतो!

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला मादी एखाद्या जुन्या, थोराड झाडाची ढोली निवडते. आत शिरते. आणि मग चालू होतं बांधकाम! गिलावा कशाचा? ओळखा पाहू!

तिच्या स्वतःच्या शीचा आणि फळांच्या चोथ्याचा!

ईऽऽ म्हणू नका हं! हा गिलावा वाळला की चांगला टणक होतो. ढोलीचं तोंड बंद! उरते फक्त एक उभी, चिंचोळी फट. चोचीचं टोक बाहेर येईल, एवढीच. आता अंडं पळवायला कोण आत शिरेल?

आणि ही आई तर आत बसून आपली उडायची पिसंच गाळून टाकते! नवी पिसं तिथेच फुटतात. तोवर तिला उडता येत नाही. मग तिला खायला कोण आणणार?

अहो, बाबा!

बाबांना वेगळा डबा लागत नाही. त्यांचा गळाच डबा! ते झाडावर बसून उंबरं गिळतात, गळा भरून घेतात आणि ढोलीपाशी येतात. खोडाला घट्ट धरून बसतात. मान झटकतात आणि टुप्! एक उंबर चोचीच्या टोकाशी! ते फटीतून आईच्या चोचीत. पुन्हा मान झटकली, दुसरं उंबर. मग तिसरं, चौथं... एकेक करत डबा रिकामा! कधीकधी डब्यात सरडाही असतो.

नुसतं अंडं उबवायलाच सव्वा महिना लागतो. पिल्लू जरा मोठं झालं, की आई गिलावा फोडून बाहेर येते. ढोलीचं तोंड पुन्हा लिंपलं जातं. आता डबा आणायला दोघंही!

पण आत पिल्लाला शी लागली तर? ते फटीकडे पाठ करतं आणि सोडतं पिचकारी, थेट बाहेर!

खरी जादू त्या पिचकारीतच आहे! उंबराच्या इवल्याइवल्या बिया शीतून खाली पडतात. रानजायफळासारखी मोठी बी धनेश तोंडानंच बाहेर टाकतो. पाऊस पडला की ढोलीखाली रोपंच रोपं! जंगलात उडताना तर तो दूरदूरवर बिया टाकत जातो. म्हणजे धनेश चक्क जंगल लावतो!

आता डोकं चालवा. थोराड झाडं तोडली तर काय होईल? ढोली नाही, म्हणून धनेश नाही. धनेश नाही, तर मोठ्या बिया लांब नेणार कोण?

म्हणून काही माणसं धनेशाच्या मदतीला धावली आहेत. तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांमध्ये जंगलाचे छोटेछोटे तुकडे उरलेत. तिथे अभ्यासक रस्त्याकडेला पडलेल्या रानझाडांच्या बिया वेचतात, रोपवाटिकेत रोपं वाढवतात आणि ती उजाड जागी लावतात. अरुणाचल प्रदेशात पक्केच्या जंगलाजवळ न्यिशी लोक राहतात. त्यांच्यातले काहीजण धनेशाच्या ढोल्यांवर चक्क पहारा देतात!

तुम्हीही एक काम करा. जवळपासचा फळांनी लगडलेला वड, पिंपळ किंवा उंबर शोधा. जरा लांब उभे राहा. आवाज नको, ढकलाढकली नको! तांबट येईल, बुलबुल येईल, कोकीळही येईल. कोण काय खातं, वहीत लिहून ठेवा. मात्र घरटं दिसलं, तर त्याच्याजवळ जायचं नाही. पक्कं?

आणि शाळेच्या गच्चीवर पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं, तर बाईंनाच विचारा, "बाई, हे कुणी लावलं, ओळखा पाहू!"